नुसतं मेंब्रेन मोठं करून भागत नाही
आरओ वॉटर प्युरिफायरमधलं ७५ जीपीडीचं (म्हणजे दिवसाला ७५ गॅलन शुद्ध पाणी देणारं) मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, काढून १०० चं टाकलं की टाकी लवकर भरते, असं काहीजण सांगतात. भरते, मान्य. पण वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत पेन्सिलीएवढा जाड एक तुकडा असतो, फ्लो रिस्ट्रिक्टर, त्याच्याकडे कुणीच बघत नाही. त्यावर ३०० किंवा ४५० असा आकडा छापलेला असतो, म्हणजे मिनिटाला साधारण तेवढे मिली पाणी तो बाहेर सोडतो. ७५ चं मेंब्रेन कागदोपत्री मिनिटाला १९७ मिली शुद्ध पाणी देतं, १०० चं २६३. रिस्ट्रिक्टर जुनाच ठेवला तर वेस्टचं पाणी तेवढंच, पण त्यातले क्षार जास्त दाट. पाणी जड असेल तर तेच मेंब्रेनवर बसतात आणि नवं मेंब्रेन लवकर चोक होतं. तेव्हा दोन्ही जोडीनेच बदला. पंपाला नवा भार झेपतोय का तेही बघा, नाहीतर वाढलेलं जीपीडी फक्त लेबलवर.

आणि ‘टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) वाढला म्हणजे मेंब्रेन गेलं’ हे काही पटत नाही. मशीन रात्रभर बंद असलं की क्षार मेंब्रेनमधून हळूहळू पलीकडे झिरपतात, त्यामुळे सकाळचं पहिलं पाणी जास्तच दाखवतं. पाच-दहा मिनिटं चालू द्या, मग थेट मेंब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या नळीतून मोजा. मशीनच्या नळाचं पाणी घेऊ नका, त्यात मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस कंट्रोलरची भर पडलेली असते. मशीनमध्ये येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ६०० आणि मेंब्रेनमधून ४०-५० येत असेल, तर मेंब्रेनला हात लावायचं कारण नाही.