उत्तर: स्कॉटिश नावांतला न उच्चारला जाणारा झेड

'स्कॉटिश नावांच्या स्पेलिंगला काही नियमच नाही, सरळ पाठ करावीत' हे वर आलेलं मत मला पटत नाही. निदान झेडच्या बाबतीत तरी कारण स्पष्ट आहे. जुन्या स्कॉट्स (स्कॉटलंडमधली, इंग्रजीच्या जवळची भाषा) लिखाणात योख नावाचं एक अक्षर होतं, दिसायला इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं आणि उच्चाराला साधारण 'य'च्या जवळचं. छापखान्यांकडे त्याचा खिळा नसे, म्हणून त्याच्याशी मिळताजुळता झेड वापरला जाऊ लागला. त्यामुळे मेन्झीस लिहिलेलं आडनाव स्कॉटलंडमध्ये 'मिंगिस' होतं, डॅल्झील 'डी-एल' होतं आणि एअरशरमधला कल्झीन किल्ला 'कलेन' होतो. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे २००६-०७ मधले नेते मेन्झीस कॅम्पबेल यांना सगळे 'मिंग' म्हणत, ते यामुळेच.

पण छापील अक्षराची ताकदही मोठी. मॅकेन्झीमध्येही मुळात हेच अक्षर होतं, तरी आज स्कॉटिश लोकसुद्धा तिथे झेडच उच्चारतात. म्हणून त्या घरातली माणसं स्वतःचं नाव जसं उच्चारतात तोच उच्चार बरोबर मानावा. स्कॉटिश ठिकाणांच्या नावांत येणाऱ्या 'लॉख'साठी (loch, म्हणजे सरोवर) मात्र आपल्याला अडचण यायला नको, उर्दू 'ख़त'मधला घशातला घर्षणाचा ख़ तिथे चपखल बसतो. 'लॉक' अजिबात म्हणू नये.