जुने भयपट पुन्हा काढायचेच कशाला?

धंतोलीचा जुना प्रेक्षक

काल इथं एकानं लिहिलं की जुने भयपट पाहून आता भीती नाही, हसू येतं. 'महल'पासून रामसे बंधूंपर्यंत सगळे नव्या तंत्रानं पुन्हा काढले पाहिजेत, नाहीतर आजची पोरं ते पाहणारच नाहीत. खाली बऱ्याच जणांनी होकार भरला. मला राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

हसू येतं ते सिनेमा जुना झाला म्हणून नाही. आपण तो कसा पाहतो त्यामुळे येतं. 'महल' १९४९चा. त्यातलं 'आयेगा आनेवाला' लांबून जवळ येतंय असं वाटावं म्हणून लता मंगेशकरांना माइकपासून दूर उभं केलं आणि गात गात माइककडे चालत यायला लावलं. हे त्यांनीच सांगितलेलं आहे. ते अंतर फोनच्या स्पीकरवर, घासलेल्या प्रिंटमध्ये, शेजारी कुकरची शिट्टी होत असताना कसं ऐकू येणार? ऐकू आलं नाही की दोष मात्र सिनेमाचा.

मी सातवीत असताना नागपुरातल्या सीताबर्डीतल्या एका टॉकीजात 'बीस साल बाद' पुन्हा लागला होता. सिनेमा १९६२चा, म्हणजे तेव्हाही जुनाच. बाबांसोबत रात्रीचा खेळ पाहिला. आम्ही महाल या जुन्या वस्तीत राहायचो. परतताना मी सायकलच्या दांडीवर, गांधीसागराच्या काठचा रस्ता अगदी सुनसान, आणि बाबा मोठ्यानं रामरक्षा म्हणत होते. मला धीर यावा म्हणून म्हणत असतील असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. ते स्वतः घाबरले होते.

आता 'सायको' घ्या. हिचकॉकचा १९६०चा. १९९८ साली गस व्हॅन सँटनं तोच सिनेमा जवळजवळ शॉटला शॉट जुळवून रंगीत काढला. पटकथा तीच, संगीत तेच. अंगावर काटा मात्र आला नाही. हिचकॉकनं थिएटरवाल्यांना बजावलं होतं की खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. भीतीचा अर्धा भाग त्या बंद दारात होता. तो पुन्हा कसा चित्रित करणार?

'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा जेमतेम चालला. सप्टेंबर २०२४मध्ये तोच सिनेमा पुन्हा लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. कुणी नवा काढला नव्हता, फक्त पडदा दिला. माझं म्हणणं एवढंच आहे: प्रिंटा दुरुस्त करा, अंधार करा, दार लावा.

रात्रपाळीवाला

काका, मान राखून सांगतो, तुम्ही तुमच्या सोयीचं उदाहरण उचललं. तुम्ही 'सायको' सांगता, मी 'द थिंग' सांगतो. जॉन कारपेंटरचा, १९८२चा. जगभर लोक त्याला अभिजात म्हणतात. पण तोच मुळात १९५१च्या सिनेमाची गोष्ट नव्यानं सांगून राहिला होता. आला तेव्हा समीक्षकांनी झोडपला, त्याच महिन्यात स्पीलबर्गचा 'ई.टी.' लागला होता, लोक तिकडे गेले. त्या वेळी तुमच्यासारखं कुणीतरी नक्कीच म्हणालं असेल की १९५१चा असताना हा कशाला. 'द फ्लाय'चंही तसंच. पहिला १९५८चा, दुसरा १९८६चा, आणि दुसऱ्याला रंगभूषेचं ऑस्कर मिळालं. क्रोनेनबर्गनं माणसाची माशी होण्याची गोष्ट घेतली आणि आजारानं शरीर सडत जाण्याची गोष्ट केली. तो रिमेक नसता तर ती भीती जगात आलीच नसती.

दुसरं, मला 'महल'ची भीती वाटली नाही. हेडफोन लावून, दिवे बंद करून, एकट्यानं पाहिला. सुंदर आहे, पण भीती नाही वाटली. हा माझा गुन्हा नाही. तुमच्या बाबांची रामरक्षा ही तुमची आठवण आहे, तिला सिनेमाचा गुण समजू नका.

धंतोलीचा जुना प्रेक्षक

बाबांवर जायचं काही कारण नव्हतं. आणि 'द थिंग'चीच पुढची गोष्ट तू गाळलीस. २०११ साली त्याच नावानं आणखी एक काढला. कारागिरांनी राबून खरे राक्षस तयार केले होते, नंतर त्यांच्यावर संगणकाची चित्रं चढवली. आज १९८२चा लोक पुन्हा पुन्हा पाहतात. २०११चा कोण पाहतं?

रात्रपाळीवाला

बाबांबद्दल वाईट वाटलं असेल तर माफ करा, ते म्हणायला नको होतं. मुद्दा मात्र मागे घेत नाही. २०११चा वाईट होता, बरोबर. म्हणून काय सिद्ध झालं? वाईट सिनेमा वाईट असतो.

चिकित्सक मास्तर

तुम्ही दोघं विलायतेत फिरून राहिले, घरचं बघा जरा. मल्याळममध्ये १९९३ साली 'मणिचित्रताळ' आला. शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातून कन्नड झाला, तमिळ झाला, बंगाली झाला आणि २००७ला हिंदीत 'भूलभुलैया'. मूळ सिनेमाचं सगळं वजन शेवटावर आहे. हवेलीत भूत नाही, बाईचं मन आजारी आहे आणि तिला बरं करायला डॉक्टर येतो. हिंदीतही एवढं तरी राखलं होतं. मग २०२२ला दुसरा भाग काढला आणि त्यात खरंखुरं भूत आणलं! ज्या नावाखाली लोकांना सांगितलं की भूत नसतं, त्याच नावाखाली पंधरा वर्षांनी सांगितलं की असतं.

मी तीस वर्षं खेड्यापाड्यांत शिकवलं. अंगात आलं म्हणून पोरीला झोडपताना पाहिलं आहे, मध्ये पडून मारही खाल्ला आहे. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यासाठी माणसं आयुष्यभर झिजली. म्हणून मला रिमेकचा राग नाही, असल्या रिमेकचा आहे. जुन्या सिनेमातला शहाणपणा काढून टाकायचा आणि हवेली तेवढी ठेवायची.

रात्रपाळीवाला

मास्तर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण मग 'तुंबाड'ही नको, धारपही नकोत, मुंजा-हडळ काहीच नको. भयपटाला प्रबोधनाचं काम लावलं तर भयपट उरत नाही.

चिकित्सक मास्तर

मी बंद करा म्हटलेलं नाही. वाचून उत्तर द्या. नारायण धारप माझ्या कपाटात आहेत, तुमच्या जन्माच्या आधीपासून.

प्रतापनगरची

हिंदी, इंग्रजी, मल्याळम सगळं झालं, 'लपाछपी'चं नाव अजून कुणी घेतलं नाही. याचंच मला दुःख आहे.

जुलै २०१७. विशाल फुरियाचा सिनेमा, पूजा सावंत. उसाच्या फडातलं ते घर, गरोदर बाई आणि चारही बाजूंनी दुसरं काहीच दिसू नये असा ऊस. मला पहिल्याच आठवड्यात पाहायचा होता. शहरात शोधले तर माझ्या सोयीचा एकही खेळ नाही. ज्या मल्टिप्लेक्सात होता तिथं दुपारी पावणेबाराचा, तोही एकच. मी नोकरी करते. शनिवारी सासूबाईंना घेऊन गेले तर खिडकीवर सांगितलं, कालपासून काढला. बाकीच्या पडद्यांवर एकच हिंदी सिनेमा दर अर्ध्या तासानं लागलेला.

मग २०२१ला त्याच दिग्दर्शकानं तोच सिनेमा हिंदीत काढला, 'छोरी', आणि तो घरबसल्या मोबाइलवर आला. आमच्या ऑफिसात सगळे मराठी. दुसऱ्या दिवशी डबा खाताना जो तो विचारत होता, 'छोरी' पाहिला का, काय घाबरवतो! मी म्हटलं, हा आपलाच आहे, चार वर्षांपूर्वीचा. एकालाही माहीत नव्हतं. त्यातल्या एकीचं माहेर तर अमरावतीचं.

तुम्ही विचारता जुन्याचा रिमेक करावा का. इथं चार वर्षांच्या सिनेमाचा रिमेक करावा लागला, तेव्हा कुठे माझ्या गावातल्या मराठी माणसांनी तो पाहिला.

इतवारीकर

ताई, हे रडगाणं मी माझ्या लहानपणापासून ऐकून राहिलो. खेळ मिळत नाही कारण माणसं येत नाहीत. माझा काका वितरणाच्या धंद्यात होता. तो सांगायचा, मराठी सिनेमा आणला की पहिल्या दिवशी पास मागणारे जास्त आणि तिकीट घेणारे कमी. धंदेवाल्यानं तोटा काहून सोसायचा?

प्रतापनगरची

पावणेबाराला लावलात तर कोण येणार? आधी खेळ द्या, मग माणसं मोजा.

इतवारीकर

मूळ समजून घ्या. सिनेमाच्या व्यापारात आपला भाग अजूनही 'सी.पी. बेरार', म्हणजे इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत आणि वऱ्हाड, या नावानं ओळखला जातो. तो प्रांत १९५० सालीच नावानं संपला. आपण १९५६ला मुंबई राज्यात आलो, १९६०ला महाराष्ट्र झाला, पण सिनेमाच्या वहीत आपण अजून मुंबईकडचे नाहीच. नागपूर त्या प्रांताची राजधानी होतं, अर्धं शहर हिंदी बोलत होतं, आजही बोलतं. मी घरी मराठी, दुकानात हिंदी. यात लाज कसली? 'छोरी' हिंदीत आला म्हणून माझ्या शेजारच्या अग्रवाल काकूंनी पाहिला. गर्भातल्या पोरीला मारू नका हे त्यांच्यापर्यंतही पोचलं पाहिजे की नाही?

प्रतापनगरची

पोचलं पाहिजे. त्याला माझी ना नाही. पण अग्रवाल काकूंपर्यंत पोचण्यासाठी तो माझ्यापासून का काढून घेतला? दोन्ही राहू शकतात ना. आणि तुमच्या वहीचं म्हणाल तर तीच चीड आहे. पुण्यात शुक्रवारी लागलेला सिनेमा आमच्याकडे कधी दोन आठवड्यांनी येतो, कधी येतच नाही, आणि वर आम्हालाच विचारतात की विदर्भात मराठी सिनेमा का चालत नाही. तुम्ही स्वतः मागच्या वर्षी थेटरात किती मराठी सिनेमे पाहिले, खरं सांगा.

इतवारीकर

एक.

प्रतापनगरची

मी सात. त्यातले तीन पाहायला सुट्टी टाकली.

इतवारीकर

बरं, तुम्ही जिंकल्या. पण सुट्टी टाकून सिनेमा पाहणारी माणसं शहरात किती असतील? त्या हिशोबावर टॉकीज चालत नाही, एवढंच मी सांगून राहिलो.

रात्रपाळीवाला

इतवारीकर, विषय संपला असेल तर मी म्हणतो, ताईंनी माझाच मुद्दा मांडला. 'लपाछपी' ते 'छोरी' हा यशस्वी रिमेक आहे. दिग्दर्शक तोच, भीती तीच, पाहणारे कितीतरी पट जास्त.

प्रतापनगरची

माझं दुःख घेऊन तुमचा मुद्दा सिद्ध करू नका. मी दोन्ही पाहिले. हिंदीतली भीती खरी आहे, मान्य. पण मराठीतली म्हातारी जशी मायेनं बोलते ना, ती भाषा माझ्या आजीची आहे. आजी बोलते तसं कुणी बोलत असेल आणि त्याच आवाजात आपला जीव घ्यायला निघेल, ती भीती हिंदीत मला मिळाली नाही. अग्रवाल काकूंना मिळाली असेल.

महालातली

सकाळपासून वाचते आहे. काका, तुम्ही महालात राहिलात म्हणता, मग मारबत विसरलात कसे?

काळी आणि पिवळी मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात ते पुतळे, १८८०च्या दशकापासून निघते. दरवर्षी नवी घडवतात. तेच तोंड, तेच रूप, आणि दरवर्षी लहान पोरं तिला पाहून आईच्या पदरात शिरतात. मी शिरले, माझी मुलगी शिरली. सोबतचे बडगे, तेही पुतळेच, मात्र त्या त्या वर्षाचे असतात, कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा. मागच्या वर्षीची मारबत जपून ठेवून पुन्हा फिरवली असती तर कोण घाबरलं असतं? घाबरवणारी गोष्ट पुन्हा घडवावीच लागते. माझे सासरे हयातभर बडगे बांधत होते. त्यांना जुना बडगा दाखवला की म्हणायचे, याच्यातली पीडा गेली, आता हा नुसता कागद.

धंतोलीचा जुना प्रेक्षक

मारबतीचं उत्तर माझ्याकडे लगेच नव्हतं, म्हणून रात्री उशिरा लिहितो.

पुन्हा घडवल्यानं भीती ताजी होते हे तुमच्या सासऱ्यांसाठी मान्य करतो. 'नोस्फेराटू'ही आठवला. १९२२चा. परवानगी न घेता ड्रॅक्युलाची गोष्ट उचलली म्हणून ब्रॅम स्टोकरच्या विधवा पत्नीनं खटला भरला आणि कोर्टानं प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती वाचल्या. पुढे १९७९ला हर्झोगनं नव्यानं काढला, २०२४ला एगर्सनं काढला. तीनही उभे आहेत, एकानं दुसऱ्याला मारलं नाही. म्हणजे रिमेक करूच नये हे माझं पहिलं वाक्य जास्तीचं होतं. मागे घेतो, आनंदानं नाही.

पण एक सांगा. 'नोस्फेराटू' पुन्हा काढता आला तो मूळ वाचला म्हणून. मारबत जाळायचीच असते, सिनेमा जाळायचा नसतो. आपल्याकडे मूळच सडून गेलं आहे. बोलपट सुरू झाला तो 'आलम आरा', १९३१चा, त्याची एकही प्रत उरलेली नाही. नव्यावर जे कोट्यवधी खर्च होतात, त्यातला थोडा भाग जुनी प्रिंट वाचवायला का जात नाही?

रात्रपाळीवाला

हे पटलं. काका, 'महल'ची चांगली प्रत मिळाली तर मी पुन्हा पाहीन, पण मोठ्या पडद्यावर.

प्रतापनगरची

आणि 'लपाछपी'?

इतवारीकर

ताई, संध्याकाळचा खेळ लागला तर मी तिकीट काढून येतो. पास मागणार नाही.