तूर सोयाबीनचं पाणी पिते का?

संकेत: नाना, सगळे सलग सोयाबीन पेर म्हणतात. मधे तूर घेतली तर ती सोयाबीनचं पाणी ओढणार नाही का?

नाना: नाही रे. दोघांची तहान वेगळ्या वेळेची. सोयाबीन शंभर दिवसांत निघतं, त्याची बरीचशी मुळं वरच्या फूट-दीड फुटात. तूर पहिले दोन महिने वर काहीच दाखवत नाही, पण सोटमूळ खाली जात असतं. सोयाबीन काढलं की मोकळ्या जागेत तिच्या फांद्या पसरतात. फुलं-शेंगा लागतात तेव्हा पाऊस संपलेला असतो, ती काळ्या रानाच्या पोटातल्या ओलीवर येते. रान तेव्हा रिकामं असेल तर तीच ओल भेगांतून उडून जाते.

सुमन आत्या: म्हणजे पाणी कमी लागतं म्हण की.

नाना: नाही सुमन, इथेच गल्लत होते. दोन पिकं मिळून सलग सोयाबीनपेक्षा पाणी जास्तच घेतात. पण ते पिकातून जातं, उघड्या मातीतून नाही. पाऊस तेवढाच, पदरात पिकं दोन.

अभिजित: परभणी विद्यापीठाची शिफारस आहेच, चार ओळी सोयाबीन, दोन तूर. शिवाय तुरीची मुळं रात्री खालची ओल वरच्या कोरड्या थरात सोडतात. बंगळुरूकडे तूर-नाचणीवर याचे प्रयोग झालेत. मला तर हे फारच भारी वाटतं.

नाना: भारी आहेच, पण तेवढ्या ओलीच्या भरवशावर पेरू नये. ती थोडीच असते.

संकेत: वरच्या मुरमाड तुकड्याचं काय?

नाना: तिथे तूर नको. हातभर खाली मुरूम. ऑगस्टात खंड पडला की दोघं त्याच ओलीसाठी भांडतात, आणि दिवाळीनंतर तुरीला खाली काहीच उरत नाही. तिथे सलग उडीद घे, लवकर निघतो.

संकेत: बरं. मग खालच्या काळ्या रानात चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर.

नाना: हो. आणि पाणी साचतं त्या कोपऱ्यात चर काढ, तुरीला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. सोयाबीन निघालं की मोकळ्या पट्ट्यात लगेच कोळपं फिरव, भेगा बुजल्या की ओल टिकते. विहिरीला पाणी असलं तर एक कळी लागताना, एक शेंगा भरताना दे. ऐन फुलोऱ्यात रान तुंबवू नकोस, फुलं गळतात.