सोयाबीनच्या दुधात भिजवलेल्या लोकरीवर रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसला, मदत हवी आहे

नमस्कार. मी आटपाडीची. घरात घोंगडी विणतात. काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही, म्हणून पांढरी वेगळी काढून तिचं रंगीत आसन करायचा प्रयत्न चाललाय. पांढरी मिळतेच थोडी, वाया गेली की जीव हळहळतो.

डाळिंबाची साल इथं हवी तेवढी. १०० ग्रॅम सुताला १५ ग्रॅम तुरटी, मग सालीच्या काढ्यात तासभर मंद आच. रंग यायचा, पण वाळल्या कडब्यासारखा फिका. कुणीतरी सांगितलं, आधी सोयाबीनच्या दुधात बुडवा, प्रथिनामुळं रंग धरतो. मी तुरटी दिलेलं ओलं सूत तसंच दुधात घातलं, रात्रभर ठेवलं. आता काही जागी गडद, काही जागी कोरं. सूत खरखरीत झालंय आणि पांढऱ्या फडक्यावर घासलं की पिवळी भुकटी निघते.

लोकर स्वतःच प्रथिन आहे ना? मग वरून आणखी कशाला लागतं? नणंदेकडं रेशमाचे कोष होतात. डागी कोष उकळलेलं पाणी दुधाऐवजी चालेल का?

प्रतिसाद: ताई, दूध नासलं तुमचं. तुरटीनं सोयाबीनचं दूध फाटतं, तेच कण सुतावर चिकटले आणि सालीतल्या टॅनिननं, म्हणजे तुरट द्रव्यानं, ते आणखी घट्ट धरले. रंग सुताला नाही, त्या चोथ्याला बसलाय, म्हणून भुकटी निघते. दुधाचा खरा उपयोग सुती कापडाला, कारण कापसात प्रथिन नसतं. लोकरीची अडचण निराळी: केसावर खवले असतात, त्यांच्यावर चरबीचा पातळ थर, त्यामुळं पाणी सहज आत शिरत नाही. सूत धुता कशानं?

मी: धुण्याच्या सोड्यानं, उकळत्या पाण्यात. ओशटपणा लवकर जातो.

प्रतिसाद: सोडा आजपासून बंद करा, त्यानं लोकर कमजोर होते. रिठ्याच्या कोमट पाण्यात दोनदा धुवा. कोषाचं पाणी चालेल, कोषावरचा डिंक म्हणजे सेरिसिन, तेही प्रथिनच आणि उकळत्या पाण्यात विरघळतं. पण ते पाणी गाळून, पातळ करून घ्या. सूत त्यातून काढून पूर्ण वाळवा, तुरटी त्यानंतर. आधी २० ग्रॅमच्या दोन लडी करा, एक कोषाच्या पाण्यातली, एक नुसती रिठ्यानं धुतलेली, आणि दोन्ही एकाच पातेल्यात रंगवा. मला वाटतं, तुमचं निम्मं काम रिठाच करेल.

मी: रिठे घरात आहेत. उद्याच लडी बांधते, वाळल्या की इथं कळवते.