क्योतो: होझू नदीतील होडी, डोंगरातील रेल्वे आणि आराशियामा एका दिवसात जमेल का?

प्रश्न – कोथरूडकर

नमस्कार. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन क्योतोला जात आहे. मेपलची लाल पाने पाहण्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला असून सागानोची पर्यटक रेल्वे, होझू नदीतून कामेओका ते आराशियामा (क्योतोच्या पश्चिमेचे पर्यटनस्थळ) होडी आणि तेन्र्यूजी मंदिर असा बेत आहे. आईचे गुडघे दुखतात, बाबा पूर्ण शाकाहारी असून कांदा-लसूणही खात नाहीत. शिवाय २०२३ च्या मार्चमध्ये याच नदीत होडी उलटून दोन नावाड्यांचा मृत्यू झाल्याचे वाचल्यापासून दोघेही बिचकले आहेत. क्रम कसा ठेवावा, आणि होडी त्यांना झेपेल का?

उत्तर – ओसाकावासी

होडी केवळ प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे कामेओकाहून आराशियामाकडेच जाते. त्यामुळे आधी रेल्वे आणि मग होडी हाच क्रम सोयीचा. सागा स्थानकातून सकाळी नऊच्या सुमाराची गाडी मिळाली तर उत्तम, कारण दुपारनंतर आराशियामात पाय ठेवायला जागा उरत नाही. मुख्य सानइन रेल्वेमार्ग १९८९ मध्ये बोगद्यांतून सरळ नेल्यावर ओस पडलेल्या जुन्या रुळांवर १९९१ पासून ही गाडी धावते. अंतर अवघे ७.३ किलोमीटर, वेळ पंचवीस मिनिटे. पाचव्या डब्याला खिडक्यांच्या काचाच नाहीत. छायाचित्रांसाठी तो उत्तम असला तरी त्या दिवसांतली सकाळची थंडी बोचरी असते, म्हणून ज्येष्ठांसाठी बंद डबाच घ्यावा. तिकिटांची विक्री महिनाभर आधी सुरू होते आणि या हंगामात ती लवकर संपतात.

होडीचा प्रवास सुमारे सोळा किलोमीटरचा असून पाण्याच्या पातळीनुसार साधारण दोन तास लागतात. सुमिनोकुरा र्‍योई या व्यापाऱ्याने १६०६ मध्ये खडक फोडून हा जलमार्ग मोकळा केला तो लाकूड आणि धान्य क्योतोला आणण्यासाठी. पर्यटक फार नंतर आले. नावाडी पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी बांबू टेकवत आल्यामुळे काठच्या खडकांना वाटीसारखे खळगे पडलेले दिसतात. रंगीत पानांपेक्षा मला तेच अधिक पाहण्यासारखे वाटतात, त्यामुळे नावाडी बोट दाखवील तिकडे अवश्य पाहा.

अपघातानंतर बंद ठेवलेली ही सेवा त्याच वर्षी जुलैमध्ये सुरक्षेच्या नव्या उपायांसह पुन्हा सुरू झाली. पाणी चढले की होड्या सोडत नाहीत, आणि लाइफ जॅकेट सर्वांनाच घालावे लागते. आईंना खरी अडचण खळाळाची नसून ठेंगण्या बाकावर दोन तास बसण्याची होईल. होडीत स्वच्छतागृह नसते, हेही आधीच सांगून ठेवा.

उत्तर – वाटाड्या

थोडा मतभेद नोंदवतो. रेल्वे आणि होडी दोन्ही एकाच दरीतून जातात, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला दोन्ही घडवण्याचा अट्टहास कशासाठी? होडी नक्की करायची असेल तर क्योतो स्थानकातून नेहमीच्या जेआर (जपान रेल्वे) गाडीने थेट कामेओकाला जावे. तिथून होडीचा धक्का दहा मिनिटांच्या चालीवर आहे. होडी नको असे ठरले तर पर्यटक रेल्वेनेच जाऊन-येऊन दरी पाहावी. वाटेतल्या होझूक्यो स्थानकाच्या फलाटावर चिनी मातीचे ढेरपोटे तानुकी (रॅकूनसारखा दिसणारा जपानी प्राणी) ओळीने उभे आहेत, ते आई-बाबांना गंमत म्हणून दाखवा.

उत्तर – सुगरण_टोकियो

जेवणाचे सांगते. तेन्र्यूजीच्या आवारातच ‘शिगेत्सु’ येथे बौद्ध मठांच्या परंपरेतले शोजिन भोजन मिळते. त्यात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे बाबांना निश्चिंतपणे जेवता येईल. जेवण फक्त दुपारीच असते, म्हणून होडीची वेळ त्या हिशेबाने ठरवून आरक्षण करा. बैठक तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, असल्याने आईंसाठी खुर्ची मिळेल का, हेही तेव्हाच विचारून घ्या. होडीच्या शेवटच्या टप्प्यात खाऊ विकणारी दुसरी होडी येऊन खेटते. तिच्यावरचा ओदेन (रश्श्यात शिजवलेला जपानी पदार्थ) भाज्यांचा दिसला तरी त्याचा रस्सा माशाचा असतो, तो बाबांना देऊ नका.