गॅरेजमधील सुरक्षेची हेळसांड : आपले अनुभव

गॅरेजमधील अपघातांमागे अज्ञानापेक्षा ‘दोन मिनिटांचे तर काम आहे’ हे वाक्यच अधिक वेळा असते, असे माझे मत आहे. आपण स्वतः मोडलेला किंवा आपल्यासमोर मोडला गेलेला एखादा नियम आणि पुढे काय घडले, ते येथे लिहावे. सुरुवात माझ्यापासून.

पुढचे चाक काढलेली गाडी मी नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर ठेवली होती. उचललेली गाडी पेलून धरणारे जॅक स्टँड हातभर अंतरावर पडलेले होते. एकच बोल्ट आवळून मी बाहेर सरकलो आणि उठून हात पुसत होतो, तोच जॅकच्या सीलमधून तेल सुटले व गाडी फारसा आवाज न करता सावकाश खाली बसली. ज्या सरकत्या पाटावर मी आडवा झालो होतो तो खालीच अडकला आणि काढण्यासाठी गाडी पुन्हा उचलावी लागली. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे, हे मी शिकाऊ मुलांना रोज सांगत असे.

*

आमचे उस्ताद ब्रेकचा ड्रम उघडला की धूळ उडवायला प्रथम हवेचा पाइप मारत. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या अस्तरात, अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असे. त्याचे तंतू फुप्फुसात गेल्यानंतर आजार दिसायला कित्येक दशके जातात, त्यामुळे त्या दिवशी कोणाचेच काही बिघडत नाही. मी आता ओल्या फडक्याने पुसतो. त्याला वेळ लागतो, हे खरे.

*

अंगठी काढून ठेवा. १२ व्होल्टच्या बॅटरीचा झटका बसत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. धन टर्मिनल आधी सोडवताना पाना ऋण तार जोडलेल्या बॉडीला टेकला, मध्ये अंगठी सापडली आणि क्षणात तापून बोटात रुतली. ऋण तार आधी काढायची असते, ती यासाठीच.

*

मी मालक आहे, म्हणून माझी कबुली वेगळी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली उभे राहून काम करण्याच्या खड्ड्यात, साचते, हे ठाऊक असूनही गिऱ्हाईक दारात उभे होते म्हणून मी पिटवर टाकी उतरवू दिली. हातातला दिवा निसटून बल्ब फुटला आणि भडका उडाला. काम करणारा शिकाऊ मुलगा पिटच्या पायऱ्यांजवळ होता, त्यामुळे भुवया जळण्यावर निभावले. अग्निशामक नळकांडे जुन्या टायरांच्या ढिगामागे होते. ते टायर मीच तेथे रचायला लावले होते.