घरी शिवलेला एक कपडा, आणि त्यानं शिकवलेलं काही

शिवणाच्या टिपा ढिगानं मिळतात, त्या इथे नकोत. घरी स्वतः शिवलेला एकच कपडा घ्या आणि तो बेतताना, शिवताना किंवा अंगात घातल्यावर काय कळलं ते लिहा. क्लास केलेला असो वा नसो. फक्त "छान झाला" एवढ्यावर सोडू नका. कुठे ओढलं, कुठे झोळ आला, ते वाचायचंय. वर पुणे परिसरातल्या आपल्या भागाचं नाव टाका.

सुरुवात मीच करते. साधा सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा तुकड्यांचा परकर. तिरकं कापून काढलेल्या कळीची एक कड उभ्या धाग्यावर असते आणि दुसरी तिरकी. दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडल्या तर ती शिवण ताणली जाते आणि लोंबते. तिरकी कड सरळ कडेला जोडली, की सरळ कड तिला धरून ठेवते. हे आमच्या शेजारच्या काकूंनी दाखवलं. खालची पट्टी दुमडायच्या आधी परकर रात्रभर टांगून ठेवायचा, हेही त्यांचंच. तिरकं कापड स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. ते उतरू द्यायचं आणि मग जमिनीपासून मोजून दुमडायचं. काकूंनी कुठला क्लास केला नव्हता. त्यांनी घरातल्या सगळ्यांचे परकर शिवले होते, एवढंच.

सदाशिव पेठ (आजी सांगतायत, नात टाइप करतेय)

माझं झबलं लिही. आमच्या वेळी तान्ह्या बाळाला नवं कापड घालायची पद्धत नव्हती. धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर नाही तर सुती लुगडं काढायचं, त्याची झबली, टोपडी, दुपटी. झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे बाळाला टोचत नाही. बटण लावायचं नाही, बंद लावायचे. दिसायला उलटं घातल्यासारखं दिसतं, पण बाळाला काय त्याचं!

(नातीकडून: माझ्या कुर्त्याची खांद्यातली शिवण टोचते म्हणून मी तक्रार करत होते, त्यावर आजीनं हे सांगितलं. आता पातळ कापड असलं की आधी सुलट बाजूनं बारीक शिवण घालते, मग कपडा उलटून त्या शिवणीवर दुमडते आणि सुट्या कडा झाकल्या जातील एवढ्या अंतरावर दुसरी घालते. सुट्या कडा आत बंद होतात.)

कर्वेनगर

माझा विषय ब्लाउज, आणि त्यातही मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल. जरा लांब लिहिणार आहे.

बसमध्ये वरची दांडी धरली की माझा प्रत्येक ब्लाउज वर चढायचा. शिवणाऱ्या बाईंना सांगितलं की त्या मुंढा आणखी खोल करून द्यायच्या. घट्ट वाटतंय ना, मग मोकळं करा, असा सरळ हिशोब. पण दर वेळी आधीपेक्षा जास्त ओढलं जायचं. शेवटी घरातला एकच बरा बसणारा जुना ब्लाउज पूर्ण उसवला, तुकडे इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवले आणि पेन्सिलनं आखले. तेव्हा दिसलं की त्याचा मुंढा बाकीच्यांपेक्षा उथळ होता, जवळजवळ काखेला टेकणारा.

विचार केला की पटतं. मुंढा खोल असला की काखेपासून शिवणीपर्यंत अंतर पडतं. हात वर गेला की बाही त्या शिवणीला ओढते, आणि शिवण अख्ख्या ब्लाउजला. मुंढा काखेजवळ असेल तर हात हलतो आणि ब्लाउज जागेवर राहतो. आणखी एक, बाहीची वरची गोलाई जितकी उंच, तितकी बाही हात खाली असताना सुबक दिसते आणि वर नेताना अडते. थोडी बसकी केली तर हात मोकळा फिरतो, पण दंडावर एखादी घडी दिसते. दोन्ही एकदम मिळत नाही. मी घडी पत्करली.

पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त कोरलेला असतो, कारण आपले हात पुढे जातात. बाहीलाही म्हणून पुढची-मागची बाजू असते. कापल्या कापल्या खडूनं खूण करा.

आता नवीन माप आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या सुती कापडावर, शिवून बघते. रविवार पेठेतून एकदम घेऊन ठेवलंय. पैठणीच्या ब्लाउजपीसला कात्री लावताना मग हात थरथरत नाही.

वाकड

मी पुरुष, आयटीत, घरून काम. पायजमा शिवला. इलॅस्टिकचा, म्हणजे सगळ्यात सोपा, असं वाटलं होतं. पुढचे आणि मागचे तुकडे सारखेच कापले. उभं राहिलं की झकास. मांडी घालून बसलो की मागून कंबर खाली! बसल्यावर मागचा भाग जास्त कापड मागतो, म्हणून मागचं आसन (कमरेपासून दोन पायांच्या मधल्या जोडापर्यंतचा भाग) पुढच्यापेक्षा लांब आणि वर चढतं घ्यावं लागतं. आसनाचं माप बसूनच घ्या: सपाट खुर्चीवर, बाजूनं कमरेपासून खुर्चीपर्यंत, आणि त्यावर इंच-दीड इंच जास्त. पुढचा पायजमा बरोबर बसला. खिसे दोन्हीकडे, फोन मावेल एवढे खोल. आता बायकोच्या कुर्त्यांना खिसे लावायची ऑर्डर आहे, फुकट.

विमाननगर

थोडा विरोधी सूर लावते. "पैसे वाचतात" हे कुणी सांगू नका. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई वाचते, मान्य. पण फॅशन स्ट्रीटवरच्या कुर्तीशी तुलना केली तर कापड, दोरा, बटणं आणि गेलेला रविवार धरून घरची महागच पडते. मी दोन कुर्ते शिवले आणि मशीन बहिणीला दिलं. मला त्यात आनंद नाही आला.

तरी एक सवय राहिली. दुकानात कपडा उलटा करून बघते. आत माया (शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड) किती सोडली आहे, बाजूच्या शिवणीत चौकटी जुळल्यात का, गळ्याची पट्टी उरेब (तिरकी कापलेली) आहे की सरळ कापून दामटून बसवली आहे. सेल्समनना आवडत नाही.

सहकारनगर

माझ्या पाठीच्या कण्याला बाक आहे, त्यामुळे उजवा खांदा खाली. तयार कपड्याचा गळा आयुष्यभर एका बाजूला घसरत आलाय, आणि मी तो सारखा करत आले. पहिला कुर्ता शिवताना कापड घडीवर दुमडून कापायचं नाही, असं ठरवलं. डावी आणि उजवी बाजू वेगळी मोजली, वेगळी कापली. उजव्या खांद्याला उतार जास्त, आणि तेवढाच त्या बाजूचा मुंढाही खाली सरकवला, नाहीतर काखेत आवळतं. खालचा घेर शेवटी, अंगात घालून, मैत्रिणीकडून जमिनीपासून मोजून घेतला. हँगरवर तो कुर्ता वाकडा दिसतो. अंगात सरळ.

औंध

रेयॉनसाठी एकच सांगते. कापताना फार सळसळतं, सुळकन निसटतं. पातळ खळ करून लावा, वाळवा, इस्त्री करा, मग कापा. शिवून झालं की धुऊन टाका. ओलं रेयॉन नाजूक असतं, पिळू नका.

निगडी

कपड्याबद्दल नाही, मशीनबद्दल लिहिलं तर चालेल ना? सासूबाईंचं पायाचं मशीन आहे. त्यात कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल घातलेलं. पुण्याच्या थंडीत सकाळी चाक हलेना, कारण खोबरेल गोठतं. आणि जुनं तेल चिकट होऊन धूळ धरतं ते वेगळंच. सगळं रॉकेलनं पुसून काढलं, मग मशीनचंच तेल थेंब थेंब. नंतर चिंधीवर भरपूर शिवून घेतलं, नाहीतर पहिल्या कपड्यावर डाग. पावसाळ्यात पट्टा सैल पडला तर थोडा कापून पुन्हा जोडायचा. आणि टाके सुटत असतील तर मेकॅनिक बोलवायच्या आधी सुई बदलून बघा.

शनिवार पेठ

खणाचा कुर्ता. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आणला, पन्हा (कापडाची रुंदी) लहान. नेहमीच्या कुर्त्याचा कागद त्यावर ठेवला तर बाजूचा घेर बसेचना. आईनं आजोबांची जुनी बंडी काढून दिली. पुढे-मागे सरळ पट्टे, बाजूला कळ्या, काखेत चौबगला. वाया गेलेलं कापड जवळजवळ नाहीच. तसाच बेतला. मधे अख्खा पन्हा, बाजूला कळ्या, काखेत चौकोनी तुकडा. चौबगल्याचे कोपरे मशीनवर नीट वळत नाहीत, ते मी हातानं शिवले. काठ उभे येतात. ते खालच्या घेराला हवे असतील तर कापड आडवं वापरावं लागतं, पण मग खणावरची नक्षीही आडवी होते. मला ती उभीच हवी होती.

वाकड (पुन्हा)

खणवाल्या ताई, चौबगला पायजम्याच्या आसनात घातला तर चालेल का? आणि जीन्सची उंची कमी करायला सुई १६ नंबरची घ्यायची की १८?

शनिवार पेठ

दादा, आसनातही घालतात, अगदी चालेल. सुई १६ पुरते. बाजूच्या शिवणीवर थर जाड होतात, तिथे पायडलवरचा पाय काढून चाक हातानं फिरवा.